युद्धकाळात शत्रुदेशाची माणसं: कायदा, छावण्या आणि मुंबईत प्रत्यक्ष काय घडलं

माझगाव_डॉकयार्ड (धागाकर्ता)

सीमेवर गोळाबार सुरू झाला की दोन दिवसांत इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तिकडचे सगळे सारखेच' सुरू होतं. मग कोणीतरी माणुसकीवर लिहितं आणि भांडण पेटतं. या धाग्यावर दोन्ही नको. नेमकी माहिती हवी आहे: कायदा काय सांगतो, त्या त्या वेळी काय केलं गेलं, कुठे घोळ झाला आणि का.

मुंबईसाठी हा विषय पुस्तकी नाही. १९१४ आणि १९३९ ला जर्मन, १९४० ला इटालियन, १९४१ ला जपानी, १९६२ ला चिनी, १९६५ आणि १९७१ ला पाकिस्तानी, अशा 'शत्रू नागरिकां'ची गाठ या शहराशी पडत आली आहे. माझं मत आधीच सांगतो. सरकार माणसं एकेकटी तपासतं की घाऊक, यावर पुढचं सगळं ठरतं. लोकांच्या मनातला राग तर असतोच, पण त्या रागाला यंत्रणेने कुठली वाट करून दिली ते जास्त महत्त्वाचं.

सुरुवात मालाडपासून. १९३४ मध्ये हिमांशू राय यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा दिग्दर्शनाला फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेऱ्याला योझेफ विर्शिंग हे म्युनिककडचे दोघे होते. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि स्टुडिओतल्या जर्मनांना पकडून नेलं. ऑस्टेन १९३६ पासून नाझी पक्षाचा सभासद होता. तरी वयाचा विचार होऊन त्याला सोडलं आणि तो जर्मनीला परत गेला. विर्शिंग मात्र अहमदनगर, देवळाली, डेहराडून, सातारा अशा छावण्यांतून युद्ध संपेपर्यंत फिरत राहिला. सुटल्यावर तो पुन्हा मुंबईतच कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि १९६७ मध्ये वारला तोही इथलाच होऊन.

त्याच नगरच्या छावणीत हिटलरच्या भीतीने पळून आलेले ज्यू डॉक्टर आणि व्यापारीही होते. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन सरकार ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' मारत होतं, म्हणजे ज्या देशाने त्यांना आपलं मानायचं नाकारलं त्याच देशाचे नागरिक म्हणून इथे अटक. पासपोर्ट पाहून शत्रू ठरवला की असं होतं.

---

नगरी_इतिहास

उत्तम धागा. नगरच्या छावणीबद्दल थोडं सविस्तर.

पहिल्या महायुद्धातही नगरला जर्मनांची मोठी छावणी होती, त्यामुळे १९३९ ला जागा शोधावी लागली नाही. प्रश्न आला तो चाळणीचा. पकडलेल्यांत चार वेगळ्या जातीची माणसं होती: पक्षाचे कट्टर सभासद, कंपन्यांचे नोकरदार (रंग, औषधं, यंत्रं विकणारे), मिशनरी, आणि निर्वासित. सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. ती एकेकाला समोर बसवून विचारायची: भारतात कधी आलात, कोणी हमी दिली, जर्मन वकिलातीशी संबंध काय, जर्मनीत नातेवाईक कोण. मुंबईत १९३४ पासून ज्युइश रिलीफ असोसिएशन काम करत होती. निर्वासितांची ओळख पटवणं, त्यांच्या खर्चाची हमी घेणं, ही कामं तिने केली. त्यामुळे बरेच ज्यू काही महिन्यांत सुटले.

बिघडलं ते १९४० च्या उन्हाळ्यात. फ्रान्स पडला आणि सगळीकडे घबराट पसरली. सोडलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा आत घेतलं किंवा साताऱ्याच्या आणि पुरंदर किल्ल्यावरच्या पॅरोल केंद्रात ठेवलं. तिथे कुटुंबासकट राहता येई, पण ठरलेल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नसे. नव्याने काहीच सापडलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त बाहेरचं वातावरण.

दुसरा घोळ म्हणजे एकाच कुंपणात नाझी आणि ज्यू. बराकीत नाझी गटाचं बहुमत, त्यामुळे दादागिरीही त्यांचीच. पुढे डेहराडूनला नाझी, नाझीविरोधी आणि इटालियन यांचे विभाग तारा घालून वेगळे केले. ही अक्कल पहिल्या महिन्यात सुचली असती तर बऱ्याच लोकांचा छळ वाचला असता.

ब्रिटनमध्ये हाच प्रकार आकड्यांत दिसतो. १९३९ च्या शेवटी तिथल्या न्यायाधिकरणांनी सुमारे ७३ हजार जर्मन आणि ऑस्ट्रियन तपासले. 'अ' वर्ग, म्हणजे लगेच स्थानबद्ध: सहाशेच्याही आत. 'ब', म्हणजे बंधनं घालून मोकळे: सहा-सात हजार. 'क', म्हणजे धोका नाही: सुमारे ६६ हजार. इतकं नीट काम करून ठेवलेलं असताना मे-जून १९४० मध्ये 'क' वर्गातलेही हजारो उचलले. इटलीने युद्ध पुकारताच इटालियनही उचलले, त्यांची तर अशी चाळणी झालीच नव्हती. स्थानबद्धांना कॅनडाला नेणारं 'अरांडोरा स्टार' २ जुलै १९४० ला जर्मन पाणबुडीने बुडवलं. आठशेहून जास्त माणसं गेली. त्यात फॅसिझमला विरोध करणारे इटालियनही होते.

---

घाटकोपर_पूर्व

वाचतोय. पण एक विचारतो. युद्ध चालू असताना इतकी चाळणी करायला वेळ कुणाकडे असतो? तुम्हीच लिहिलंत की ऑस्टेन पक्षाचा सभासद होता. म्हणजे संशय खोटा नव्हता. आणि १९७१ ला पूर्व पाकिस्तानात जे झालं, २५ मार्चच्या रात्रीपासून ढाक्यात माणसं मारली गेली, एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले, त्या वेळी पश्चिम पाकिस्तानातली जनता काय करत होती? लष्करामागे उभीच होती ना? मग जनता वेगळी आणि लष्कर वेगळं हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

---

कलम३२

घाटकोपर, प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन भाग करून उत्तर देतो.

सुरक्षेचा भाग आधी. कायदा स्थानबद्धतेला मनाई करत नाही. चौथा जिनिव्हा करार (युद्धकाळात नागरिकांच्या संरक्षणाचा), कलम ४२: स्वतःच्या सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य असेल तरच शत्रू नागरिकाला स्थानबद्ध करता येतं. कलम ४३: त्याने मागणी केली की न्यायालयाने किंवा मंडळाने शक्य तितक्या लवकर फेरविचार करायचा, आणि त्यानंतरही वर्षातून किमान दोनदा. कलम ३५: ज्याला देश सोडून जायचंय त्याला जाण्याचा हक्क, राष्ट्रहिताला बाध येत नसेल तर. कलम ४४: ज्या निर्वासिताला प्रत्यक्षात कुठल्याच सरकारचं संरक्षण नाही, त्याला केवळ कागदावरच्या नागरिकत्वामुळे शत्रू मानायचं नाही. हे शेवटचं कलम नगरच्या ज्यूंसारख्यांसाठीच आहे. १९४९ चे करार लिहिणाऱ्यांसमोर हीच उदाहरणं ताजी होती. कलम ३३: सामूहिक शिक्षा नाही. भारताने हे करार १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

वेळ कुणाकडे असतो, याचं उत्तर असं की चाळणी युद्धाच्या आधीच व्हायला हवी. परदेशी नागरिकांची नोंदणी त्यासाठीच असते. नोंद अद्ययावत असेल तर पहिल्या दिवशी पन्नास नावं काढता येतात. नसेल तर पोलीस चेहरा पाहून उचलतात. आपल्याकडे १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता. दोन्ही जाऊन आता २०२५ चा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे.

जनतेचा भाग. पश्चिम पाकिस्तानात तेव्हा वर्तमानपत्रांवर कडक सेन्सॉर होता, लोकांना ढाक्यातलं फारसं कळूच दिलं जात नव्हतं. तरीही विरोध झाला. तिथले राजकारणी मलिक गुलाम जिलानी यांनी लष्करी कारवाईविरुद्ध आवाज उठवला म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. मुलगी अस्मा, पुढे मानवी हक्कांच्या वकील म्हणून गाजलेल्या अस्मा जहांगीर, तेव्हा जेमतेम विशीत. वडिलांच्या सुटकेसाठी तिने केलेल्या याचिकेवर १९७२ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करशहा याह्या खान यांनी सत्ता बळकावणंच बेकायदा ठरवलं. माजी हवाईदलप्रमुख एअर मार्शल असगर खान यांनीही कारवाईला उघड विरोध केला होता. हे लोक थोडे होते, हे मान्य. पण 'सगळे सारखेच' म्हटलं की पहिल्यांदा हेच लोक खोडले जातात, आणि तिकडच्या लष्कराला तेच हवं असतं.

---

माझगाव_डॉकयार्ड

कलम३२, आभार. १९६२ वर मी लिहितो, कारण घाऊक पद्धतीचं सर्वात वाईट उदाहरण आपलंच आहे.

२० ऑक्टोबर १९६२ ला युद्ध पेटलं, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे लढाई महिनाभर. पण चिनी वंशाच्या भारतीयांची धरपकड युद्ध संपत असताना सुरू झाली आणि राजस्थानातल्या देवळीच्या छावणीतले शेवटचे लोक सुटायला १९६७ उजाडलं. साधारण तीन हजार माणसं. बहुतेक आसाम आणि उत्तर बंगालमधली: चहामळ्यांतले सुतार, चर्मकाम करणारे, छोटे हॉटेलवाले. माकूमसारख्या गावातून आख्खी वस्ती उचलली. गाडीला देवळीपर्यंत पोचायला आठवडा लागला. मागे घरं आणि दुकानं शत्रू संपत्ती म्हणून लिलावात गेली.

कायद्यातली मेख पाहा. १९६२ च्या दुरुस्तीने परदेशी नागरिक कायदा अशा कोणालाही लावता येऊ लागला, ज्याचे स्वतःचे, आई-वडिलांपैकी एकाचे किंवा आजी-आजोबांपैकी एकाचेही नागरिकत्व कधी काळी भारताशी लढणाऱ्या देशाचं होतं. आजीपर्यंत मागे गेलात तर जन्माने भारतीय, भाषेने आसामी आणि बायको खासी असलेला माणूसही चिनी ठरतो. आणि ठरलेच. ज्या मुलांना चिनी भाषेचा एक शब्द येत नव्हता ती त्या छावणीत वाढली.

मुंबईतली वस्ती लहान होती: माझगाव, शुक्लाजी स्ट्रीट, कामाठीपुऱ्याची कड. दाताचे दवाखाने, चपला, ब्युटी पार्लर, हॉटेलं. इथे धरपकड ईशान्येइतकी झाली नाही, पण पोलिसांकडे हजेरी, शहराबाहेर जायला परवाना आणि शेजाऱ्यांची नजर हे सगळं आलं. पुढच्या वर्षांत कुटुंबं कॅनडाला आणि इतरत्र निघून गेली. नवाब टँक रोडवरचं चिनी देऊळ अजून आहे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, खाली क्वान यिन, आणि चिनी नववर्षाला जी चार डोकी जमतात तेवढीच उरली आहेत.

मला सर्वात जास्त बोचतं ते हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये याच मुंबईच्या बंदरातून पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, जपानविरुद्ध लढणाऱ्या चिनी जखमींवर उपचार करत ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. पुढे वीस वर्षं भरायच्या आतच इथे चिनी आजी असणं हा गुन्हा झाला.

---

रेजिमेंट

नागरिकांवर बरंच झालं. युद्धकैद्यांचं सांगतो, कारण तिथे भारताने केलेलं काम खरोखर वाखाणण्याजोगं आहे आणि आपल्यालाच ते पुरतं माहीत नाही.

१६ डिसेंबर १९७१ च्या शरणागतीच्या दस्तऐवजात लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या नावाने लेखी हमी आहे: शरण आलेल्यांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवलं जाईल, आणि परदेशी नागरिक, वांशिक अल्पसंख्य व पश्चिम पाकिस्तानी लोकांना संरक्षण दिलं जाईल. नऊ महिने कत्तल सोसलेल्या शहरात, जिथे लोक सूडासाठी पेटलेले होते, तिथे हे लिहिलं गेलं. जवळपास ९३ हजार माणसं, त्यात सैनिक, निमलष्करी आणि नागरिकही, रेल्वेने भारतात आणली गेली. जनरल नियाझी जबलपूरला होते.

तिसऱ्या जिनिव्हा करारातल्या कामाच्या गोष्टी:

कैद्याला फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक सांगणं बंधनकारक (कलम १७). छावणीत पोचल्यापासून एका आठवड्यात त्याला घरी आणि जिनिव्हाच्या केंद्रीय संस्थेला 'पकडलो गेलो' असं कार्ड पाठवू द्यायचं (कलम ७०). महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं (७१). महिन्याला एकदा वैद्यकीय तपासणी, वजन नोंदवून (३१). राहण्याची जागा त्याच भागातल्या आपल्या सैन्याला असते तितकी बरी (२५). पगाराची उचलसुद्धा: सार्जंटखालच्या सैनिकाला महिना ८ स्विस फ्रँक, मेजरखालच्या अधिकाऱ्याला ५० (६०).

या सगळ्यात ते कार्ड फार महत्त्वाचं. घरच्यांना बातमी 'बेपत्ता' अशी जाते, आणि बेपत्ता माणसाच्या घरात राग कधीच शमत नाही. कार्ड पोचलं की तिकडच्या आईलाही कळतं की मुलगा जिवंत आहे आणि कोणीतरी त्याचं नाव नोंदवलंय. आपल्या १९७१ च्या ५४ बेपत्ता जवानांचा प्रश्न आजही जळतो तो नेमका याच नोंदीअभावी.

टीकेची बाजूही लिहितो. कलम ११८ म्हणतं लढाई थांबली की विनाविलंब सोडा. आपण सोडायला लागलो सप्टेंबर १९७३ मध्ये, शेवटचे गेले एप्रिल १९७४ मध्ये. भारताचं म्हणणं असं की शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त सेनेपुढे झाली होती, त्यामुळे बांगलादेशच्या संमतीशिवाय सोडता येत नाही, आणि पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली ती २२ फेब्रुवारी १९७४ ला. त्यात १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालवायचा वाद. शेवटी तो खटला झालाच नाही, आणि बांगलादेशी माणसाची ती जखम रास्त आहे.

कारगिलचं एकच. १९९९ मध्ये पाकिस्तान आपले सैनिक मानायलाच तयार नव्हतं, तेव्हा त्यांचे मृतदेह भारतीय सेनेने मौलवी बोलावून, इस्लामी पद्धतीने दफन केले. टायगर हिलवर लढलेल्या पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे नावच, हुद्दा नाही) यांचा मृतदेह परत देताना ब्रिगेडियर बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची चिठ्ठी खिशात ठेवली. शेर खान यांना पुढे निशान-ए-हैदर, पाकिस्तानचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

---

घाटकोपर_पूर्व

रेजिमेंट, कार्डाचा मुद्दा पटला. पण मग २६/११? कसाबला युद्धकैदी म्हणणार का कोणी?

---

कलम३२

नाही. २६/११ चे दहाही जण सैनिक नव्हते. नागरिकांना मारण्यासाठी साध्या कपड्यांत आलेला माणूस युद्धकैदी होत नाही. त्याच्यावर फौजदारी खटला चालतो आणि तसाच चालला: वकील मिळाला, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. बाकी नऊ जणांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने स्वतःहून नकार दिला. मृतदेह जेजेच्या शवागारात वर्षभर राहिले. धर्मावरून माणसं एका गटात ढकलणाऱ्यांसाठी मुंबईतलं इतकं स्पष्ट उत्तर दुसरं नाही.

---

फॉरवर्ड_तपासनीस

मला ग्रुपवरच्या व्हिडिओंबद्दल सांगायचंय, कारण सामान्य माणसाचं मत घडतं ते तिथेच.

मे २०२५ मध्ये लढाईचे म्हणून फिरलेले कित्येक व्हिडिओ 'आर्मा ३' या संगणकीय खेळातले होते. ओळखायचं कसं: आवाज आणि स्फोट एकाच क्षणी येतात (खऱ्या दूरच्या स्फोटात उजेड आधी आणि आवाज मागून), धूर सारख्या गोळ्यांत उठतो, कॅमेरा हलतो पण हाताची थरथर नसते. जुने व्हिडिओ ओळखायला थांबवून तीन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये एकेक टाका. एकच टाकलात तर बहुतेक वेळा काही सापडत नाही. दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, झाडांवरची पानं (ऋतू कळतो) पाहा. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकवर एकदा नजर टाका.

आणि पकडलेल्या किंवा मेलेल्या सैनिकाचा व्हिडिओ, कोणत्याही बाजूचा, पुढे पाठवू नका. तिसऱ्या कराराचं कलम १३ कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन यांचा डोळे बांधलेला, रक्ताळलेला व्हिडिओ पाकिस्तानातून पसरला तेव्हा भारताने याच मुद्द्यावर निषेध नोंदवला आणि १ मार्चला ते परत आले. आपण तेच करत असू तर पुढच्या वेळी हा निषेध कुठल्या तोंडाने करणार?

---

ग्रँटरोड_भाडेकरू

शत्रू संपत्तीबद्दल कोणी सांगेल का? आमच्या भागात दोन-तीन जुन्या इमारतींवर तो शिक्का आहे. भाडेकरू तर इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे.

---

कलम३२

थोडक्यात सांगतो, विषय खोल आहे.

सप्टेंबर १९६५ च्या अधिसूचनेने पाकिस्तानी नागरिकांची भारतातली मालमत्ता कस्टोडियनकडे, म्हणजे ती सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, गेली. मग १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा. मुंबईत कस्टोडियनचं कार्यालय बॅलार्ड इस्टेटला, कैसर-ए-हिंद इमारतीत. ताश्कंद करारात (१० जानेवारी १९६६) दोन्ही देशांनी मालमत्ता परत करण्यावर बोलायचं ठरवलं होतं, पण पाकिस्तानने आपल्याकडची १९७१ मध्ये विकून टाकली, आणि इथली अडकून राहिली.

खरा पेच वारसांचा. महमूदाबादच्या राजांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं, मुलगा आणि पत्नी मात्र भारतीयच राहिले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता मुलाला परत द्यायला सांगितलं. त्यावर २०१७ च्या दुरुस्तीने व्याख्याच बदलली: वारस भारतीय असला तरी ती शत्रू संपत्तीच, वारसाहक्क लागू नाही, आणि जुने व्यवहारही रद्द. माझ्या मते ही दुरुस्ती १९६२ च्या आजी-आजोबांच्या कलमाचीच बहीण आहे. नातं पाहून शत्रू ठरवायचा.

भाडेकरूंसाठी: आधी प्रॉपर्टी कार्ड काढा, कस्टोडियनचं नाव पूर्ण मिळकतीवर आहे की हिश्श्यावर ते पाहा. तीन भावांपैकी एकच कराचीला गेला आणि शिक्का सगळ्या इमारतीवर बसला, असा घोळ होऊ शकतो. भाडं कस्टोडियनकडेच भरा आणि पावती घ्या, जुन्या घरमालकाच्या नातेवाइकाला रोख देऊ नका, ते धरलं जात नाही. मिळकत चुकून आलीय असं वाटत असेल तर कलम १८ खाली केंद्र सरकारकडे अर्ज. त्यावरचा आदेश अमान्य असेल तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. दिवाणी न्यायालयात जाऊ नका, तिथे अधिकारच नाही आणि तोवर मुदत निघून जाते.

---

सातपाटी_बंदर

उशिरा लिहितोय. युद्ध नसतानाही ज्यांच्यावर हे रोज येतं त्या खलाशांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

डहाणू, तलासरी, पालघरचे कितीतरी आदिवासी आणि कोळी खलाशी गुजरातच्या ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. कच्छच्या सर क्रीक खाडीजवळ सागरी हद्दच ठरलेली नाही, मासळीमागे बोट सरकते आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा तांडेलासकट (बोटीचा म्होरक्या) सगळ्यांना उचलून कराचीच्या मलीर तुरुंगात नेते. त्यांचे खलाशी आपल्याकडे असेच अडकतात. पाण्यात दोन्हीकडची माणसं एकमेकांना डिझेल, पाणी देतात. किनाऱ्यावर आली की शत्रू होतात.

२००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी देतात. अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीला भेटू द्यायचं, आणि राष्ट्रीयत्व पटलं व शिक्षा संपली की महिन्याभरात सोडायचं. अडतं ते 'राष्ट्रीयत्व पटलं' इथे. शिक्षा काही महिन्यांची आणि कागद यायला वर्ष-वर्ष. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती तुरुंगांना भेट देऊन हेच सोडवायची, २०१३ नंतर ती बसलेलीच नाही.

---

ग्रँटरोड_भाडेकरू

सातपाटी, घरच्यांनी नेमकं काय करायचं? पालघरची एक बाई आमच्याकडे कामाला येते, तिचा भाऊ गेल्या मोसमात वेरावळला गेलाय. तिला सांगता येईल.

---

सातपाटी_बंदर

बोटीवर जाण्याआधी करायच्या गोष्टी: आधार, मच्छीमार ओळखपत्र आणि बोटीच्या नोंदणीची झेरॉक्स घरी ठेवायची. बोटीवर असलेले कागद बोटीबरोबरच जातात, आणि बोट सहसा परत येत नाही. बोटीचं नाव, क्रमांक, मालकाचा आणि तांडेलाचा फोन वहीत लिहून ठेवायचा.

पकडल्याचं कळलं की त्याच दिवशी मालकाकडून सगळ्या खलाशांची यादी लेखी घ्यायची. काही मालक टाळतात, कारण बंदीच्या हद्दीत गेल्याचा ठपका त्यांच्यावर येतो. मग पालघरच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांकडे अर्ज, सोबत फोटो आणि कागद, पोच शिक्क्यासह. त्याचीच प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवायचा.

सर्वात जास्त घोळ नावाचा होतो. इकडे 'जान्या रघ्या', आधारवर 'जनार्दन रघुनाथ', तिकडे उर्दूतून इंग्रजीत येताना तिसरंच, आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. पडताळणीला पोलीस गावात येतात तेव्हा त्या नावाचा माणूस सापडत नाही आणि फाइल परत जाते. म्हणून अर्जात सगळी रूपं लिहायची: कागदावरचं, गावात हाक मारतात ते, वडिलांचं, आजोबांचं, पाड्याचं नाव, आणि अंगावरची खूण. गावच्या सरपंचाचा आणि पोलीस पाटलाचा दाखला आधीच जोडून ठेवायचा. १ जानेवारी किंवा १ जुलैनंतर आठवड्याभरात सहायक आयुक्तांकडे जाऊन यादीत नाव आलंय का विचारायचं. आलं नसेल तर त्याच पोच क्रमांकावर स्मरणपत्र द्यायचं, नवा अर्ज नाही. नवा अर्ज केला की जुनी फाइल तळाशी जाते.

त्या ताईंना भावाचं आधार आणि बोटीचा क्रमांक आजच शोधून ठेवायला सांगा.